वॅक्सनंतरची दहा मिनिटं ही सर्व्हिस आहे, ‘एक्स्ट्रा’ नाही



वॅक्सिंग शिकायला येणारी जवळपास प्रत्येक मुलगी तीन गोष्टी आधी विचारते. वॅक्स किती गरम करायचं, पट्टी कोणत्या दिशेनं ओढायची आणि रेट काय लावायचा. पट्टी ओढून झाल्यावर काय करायचं, हा चौथा प्रश्न फार कमी जणी विचारतात. आणि आपल्या धंद्याचं नाव बनतं किंवा बिघडतं ते नेमकं तिथंच.

माझं मत सरळ आहे. वॅक्सनंतरची काळजी ही वेगळे पैसे घेऊन विकायची गोष्ट नाही आणि वेळ उरला तर करायचं कामही नाही. तो वॅक्सिंगचाच भाग आहे. ज्या पार्लरला ती दहा मिनिटं देता येत नाहीत, त्यांनी वॅक्सिंगचे पैसे घेऊ नयेत.

आधी त्वचेवर काय होतं ते बघा. केस मुळापासून निघतो तेव्हा त्याची जागा थोडा वेळ उघडी राहते. वरचा मृत पेशींचा पातळ थरही पट्टीबरोबर निघतो. म्हणून लाली येते, बारीक पुरळ दिसतं, आग होते. काही तासांत, फार तर एका दिवसात हे आपोआप बसतं. पण त्या वेळात घाम, धूळ, घट्ट लेगिंग किंवा न धुतलेला हात लागला, तर जंतू आत जातात आणि केसाच्या मुळाशी पू धरतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर अशी पुळी बरी झाली तरी काळा डाग मागे ठेवते, आणि तो डाग महिनोन्‌महिने जात नाही. बाई म्हणते, “पार्लरला गेले अन् पाय काळे झाले.” ती खोटं बोलत नाही.

आता आपला भाग बघा. लग्नसराई एप्रिल-मेमधली, ऊन चाळिशीच्या पुढचं. शिराढोण, इटकूर, मोहा, येरमाळा इथून बाई कळंबला येते, वॅक्स करते आणि दुपारी दोनला स्कूटीवर नाहीतर एसटीत बसून परत जाते. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा असते, त्या आधी तर पार्लरमध्ये बसायला जागा नसते. म्हणजे ज्या दिवसांत त्वचेला सगळ्यात जास्त जपायला पाहिजे, त्याच दिवसांत आपण सगळ्यात जास्त घाई करतो.

त्याहून मोठी अडचण पॅकेजची आहे. ‘वॅक्स, ब्लीच, डी-टॅन, सगळं एकाच बैठकीत’ असा बोर्ड लावला की गिऱ्हाईक खूश होतं, गल्लाही भरतो. पण ब्लीचमध्ये अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. नुकत्याच सोललेल्या त्वचेवर ते लावणं म्हणजे जखमेवर मीठ. हात-पाय वॅक्स केले त्या दिवशी त्याच जागी ब्लीच, डी-टॅन, स्क्रब काहीही नको. नवरीचं वॅक्स हळदीच्या दिवशी सकाळी करूच नका, किमान दोन दिवस आधी करा. पॅकेज द्यायचंच तर दोन तारखांचं द्या. नवरी दोनदा आली तर तुमचं नुकसान होत नाही, उलट ओळख पक्की होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. लाली लगेच जावी म्हणून काही ठिकाणी मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावतात. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं एकत्र असलेली क्रीम. आग थांबते, बाई म्हणते “ताईच्या हातात जादू आहे”, आणि ट्यूबचं नाव लिहून घरी नेते. मग दर वॅक्सनंतर लावते, नंतर चेहऱ्यावरही लावते. स्टेरॉइड जास्त दिवस लावलं की त्वचा पातळ होते, काखेत आणि मांड्यांत कायमचे चट्टे पडतात, नायटा असेल तर तो दबून आतल्या आत पसरतो. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड असलेली क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती उगाच नाही. त्वचारोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटनाही या गैरवापराविरुद्ध बरीच वर्षं बोलते आहे. आपण ब्युटिशियन आहोत, डॉक्टर नाही. ती ट्यूब पार्लरच्या ड्रॉवरमध्ये दिसायलाच नको.

काही जणी म्हणतील, “गिऱ्हाइकालाच लाली पटकन घालवायची असते, नाही लावली तर ती शेजारच्या पार्लरला जाते.” खरं आहे, काही जणी जातीलही. पण लाली म्हणजे काय, ती किती वेळ राहते, हे वॅक्स सुरू करण्याआधी सांगितलं तर घाबरायचं कारणच राहत नाही. आधी सांगितलं तर तो सल्ला असतो, नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो. धंद्याचा हा नियम बीबीएच्या पुस्तकात कुठं सापडला नाही, काउंटरवर सापडला.

दुसरा आक्षेप पैशांचा. मग हिशोबच करू. समजा फुल हँड वॅक्सचे १५० रुपये घेता. कोरफड जेलचा ५०० ग्रॅमचा डबा ३०० रुपयांना पडला आणि एका वेळी ५ ग्रॅम लागलं, तर खर्च ३ रुपये. कापूस, टिश्यू, एकदाच वापरायची लाकडी पट्टी धरली तरी दहा रुपयांच्या आत काम होतं. हे दहा रुपये रेटमध्येच धरा, बिलावर वेगळी ओळ दाखवू नका. शेजारी शंभरला करत असेल तर करू दे. तालुक्याच्या गावात जाहिरात फलकावर होत नाही, सासू-सुना-नणंदांच्या बोलण्यात होते. एक नवरी नाराज झाली तर अख्खं घर जातं.

मग त्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं?

आधी चिकटपणा काढा. साखर-लिंबाचं वॅक्स ओल्या कपड्यानं निघतं, राळेचं वॅक्स पाण्यानं निघत नाही, त्याला तेल लागतं. नखानं खरवडायचं नाही. मग गार पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा दोन-तीन मिनिटं ठेवा. बर्फ थेट घासू नका. नंतर बिनवासाचं कोरफड जेल हलक्या हातानं लावा. जेल विकत घेताना बॅच नंबर, मुदत आणि परवाना क्रमांक बघूनच घ्या.

शेवटी बाईच्या हातात एक चिठ्ठी द्या. मराठीत, मोठ्या अक्षरांत:

– २४ तास कडक गरम पाणी, घट्ट कपडे, सेंट, डिओ, व्यायाम नको. सुती आणि सैल कपडे घाला.
– उन्हात जाताना अंग झाका. दुसऱ्या दिवसापासून उघड्या भागावर सनस्क्रीन लावा.
– पुरळ खाजवू नका, फोडू नका. हळद-बेसन दोन दिवस थांबवा.
– तीन दिवसांनी आठवड्यातून एक-दोनदा हलका स्क्रब आणि रोज मॉइश्चरायझर, म्हणजे केस आत वळत नाहीत.
– पू झाला, लाली पसरत गेली, ताप आला तर डॉक्टरकडे जा. शुगर असेल तर वाट बघू नका.

आणि वॅक्सच्या आधी दोन प्रश्न विचाराच. शुगर आहे का? पिंपल्सच्या गोळ्या किंवा क्रीम चालू आहे का? आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स नाहीच, आणि बंद केल्यावरही साधारण सहा महिने थांबायला सांगतात. अशा गिऱ्हाइकाला “आज नको” म्हणा. परत पाठवलेलं गिऱ्हाईक सहसा तुटत नाही, सोललेलं गिऱ्हाईक मात्र नक्की तुटतं.

रेट कमी करून गर्दी जमवता येते, हे मला मान्य आहे. पण गर्दी टिकते ती बाई घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी तिची त्वचा कशी दिसते त्यावर. चिठ्ठी छापायला शंभर-दोनशे रुपये लागतील. या आठवड्यात छापून घ्या, आणि ड्रॉवरमध्ये ती ट्यूब असेल तर आजच बाहेर काढा.