वाचलेल्याला कायदा गुन्हेगार म्हणत नाही, मग आपण का?

रोहित वेमुला, डॉ. पायल तडवी, दर्शन सोळंकी ही नावे आपल्या चळवळीला पाठ आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर मोर्चे निघाले, शिक्षणसंस्थांमधील जातीय छळावर प्रश्न विचारले गेले. ते गरजेचेच होते. पण मरणाच्या दारातून परत आलेल्यांचे काय? त्यांच्या वाट्याला घरात चोरटेपणा, वस्तीत कुजबुज आणि "बाबासाहेबांचं लेकरू असून हरलास?" हा टोमणा येतो.

कायदा मात्र बदलला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम 309 राहिलेले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम 226 खाली गुन्हा आहे.

खरी कसोटी रुग्णालयातून घरी आल्यावर लागते. पुढचे काही महिने जोखमीचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील शहरांत 1,867 जणांचा अभ्यास केला. समुपदेशनानंतर 18 महिने ज्यांची ठरावीक काळाने विचारपूस होत राहिली, त्यांच्यात आत्महत्येने झालेले मृत्यू कमी आढळले. विचारपूस करायला पदवी लागत नाही.

थेरीगाथेतील सीहा थेरी सात वर्षे मनाच्या अशांतीने पोळली आणि जीव द्यायला निघाली. ती वाचली. संघाने तिची कहाणी लपवली नाही, थेरींच्या वाणीत जपली.

आपल्या विहारात अशी जागा आहे का? "का केलंस?" असे विचारण्याऐवजी "जेवलास का? गोळ्या घेतल्यास? उद्या डॉक्टरांकडे सोबत येऊ?" असे विचारू. बरे वाटू लागले की अभ्यासिकेचे किंवा बालसंस्कार वर्गाचे छोटे काम त्याच्या हाती देऊ. आपली कुणाला गरज आहे, हे कळत जाते तसा जगण्याला अर्थ येत जातो. मात्र सावरणे म्हणजे अन्याय मुकाट सोसणे नव्हे. छळ झाला असेल तर तक्रार लढवण्याची जबाबदारी संघटनेने घ्यावी.

टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तो प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहू या.