फ्री डिलिव्हरी? चकटफू काही नसतं, बॉस!

‘फ्री डिलिव्हरी’ हे दोन शब्द दिसले की आपलं बोट आपोआप ‘ऑर्डर’वर जातं. खरं सांगा, जातं ना? माझं तर जातंच. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने या फ्रीलाच चिमटा काढलाय. आणि मला तो चक्क पटलाय!

१ जुलै २०२२ पासून तिथे घरपोच येणाऱ्या ऑर्डरवर २७ सेंट सरकारी फी लागली. अट एवढीच, की ऑर्डरमध्ये सेल्स टॅक्स लागणारी एक तरी वस्तू हवी आणि माल मोटारगाडीने यायला हवा. दुकानदाराने डिलिव्हरी फुकट दिली, तरी फी चुकत नाही. एकाच ऑर्डरची चार खोकी आली, तरी फी एकदाच. स्वतः दुकानात जाऊन सामान उचललंत, तर शून्य!

हा उपद्व्याप कशासाठी? तर रस्ते, पूल, बोगदे, सार्वजनिक वाहतूक आणि स्वच्छ हवेसाठी. पेट्रोलवरच्या करातून रस्ते सांभाळायचे, हे जुनं गणित. आता गाड्या कमी पेट्रोल पितात, काही तर पीतच नाहीत. दारोदार फिरणाऱ्या व्हॅन्स मात्र वाढल्या. मग रस्त्याचं बिल कुणी भरायचं?

अर्थात, सुरुवातीला गोची झालीच. सत्तावीस सेंटांच्या हिशेबापायी छोटे दुकानदार वैतागले. शेवटी २०२३ मध्ये वर्षाला ५ लाख डॉलरपर्यंत विक्री असणाऱ्यांना सूट मिळाली. मिनेसोटाने जरा जपून पाऊल टाकलं. १ जुलै २०२४ पासून तिथे ५० सेंट लागतात, पण १०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या खरेदीवरच. खाण्याचे पदार्थ आणि औषधं त्यातून वगळली.

आणि आपल्याकडे? २२ सप्टेंबर २०२५ पासून अ‍ॅपवरून होणाऱ्या लोकल डिलिव्हरीच्या चार्जवर १८ टक्के जीएसटी आला. म्हणजे ५० रुपयांवर ९ रुपये. त्यातले किती आपल्या गल्लीतल्या खड्ड्यासाठी, हे काही बिलावर लिहिलेलं नसतं. कोलोरॅडोचं मला पटतं ते इथेच. पैसे घ्या ना राव, पण कशासाठी ते सांगून घ्या!

एक गोष्ट मात्र तिथे आणि इथे सारखीच. या फीतला किंवा टॅक्समधला एक पैसाही पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या पोराच्या खिशात जात नाही. सरकारचं सरकार बघेल. त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवायला आणि पाणी विचारायला कुठल्याही कायद्याची गरज नाही. तेवढं आपण करू शकतो. नाही का?