चिकटवू नका, शिवा

शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ करून आणायला सांगितलं की आदल्या संध्याकाळी पालक स्टेशनरीच्या दुकानात धावतात. आइस्क्रीमच्या नव्या कोऱ्या काड्या, चमकी, गोंद घेतात. घरोघरी रंगवलेल्या बाटल्याही दिसू लागल्या आहेत. हाताने काही करावं ही हौस मोलाची आहे, म्हणूनच तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

साधी काचेची बाटली भंगारात जाते, वितळते आणि तिची पुन्हा काच होते. तिच्यावर रंग, आरसे, लेस चिकटवली की भंगारवाला तिला हात लावत नाही. धूळ बसली तर ती धुताही येत नाही. वर्षभरात ती कचऱ्याच्या डब्यात जाते. तिचा दुसरा जन्म व्हायचा होता, तो आपणच अडवला.

आपल्याकडच्या बायकांची रीत वेगळी होती. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते मध्येच विरलं, तर तेवढा भाग कापून काढायचा आणि दोन लुगड्यांचे धड भाग जोडायचे. याला दंड घालणं म्हणत. तेही जीर्ण झालं की त्याचं बाळाला दुपटं, कारण सुती कापड धुऊन धुऊन मऊ पडतं. मग गोधडी. आत जुन्या लुगड्यांचे थर, वर रंगीत तुकडे आणि सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा. गोधडीची नक्षी त्या टाक्यांचीच असते. कुठे फाटलं तर वर नवा तुकडा शिवायचा, नक्षीत भरच पडते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका जुन्या कपड्यांची अशीच गोधडी, ‘कवंदी’, शिवतात. कडेपासून सुरुवात करून मध्याकडे येतात, आणि कोपऱ्यांवर तिकोनी घड्यांची फुलं लावल्याखेरीज ती पूर्ण झाली असं मानत नाहीत.

हीच रीत आजच्या घरात सहज चालते. कपाटातली जुनी रेशमी साडी उघडून पाहा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिल्याने ती घडीवर चिरते, पण जरीचा काठ बहुधा शाबूत असतो. तो काठ चार बोटं रेशीम राखून कापा. मागे जुन्या सुती साडीचं अस्तर लावा, कारण विरलेलं रेशीम एकटं ताण सोसत नाही. वरच्या कडेला दोरी जाईल एवढी नेफ्यासारखी पट्टी दुमडा आणि खाली जुन्या काचेच्या बांगड्या दोऱ्याने ओवून टांगा. दाराला तोरण झालं. उद्या नको वाटलं तर टाके उसवा. काठ, अस्तर, बांगड्या पुन्हा सुट्या, पुन्हा कामाला तयार.

सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे. तरी गणपती जवळ आले की मखराला काय वापरायचं हा प्रश्न घरोघरी निघतो. उत्तर आपल्याच कपाटात आहे. यंदा आईच्या, आजीच्या साड्यांचं मखर करा, त्यांना कात्रीही न लावता, नुसत्या चुण्या घालून आणि टाचून. आणि मुलांच्या हाती गोंदाच्या बाटलीआधी सुई-दोरा द्या.