पिशवी विसळावी कोणीं ?

प्लॅस्टिकचा कचरा पुन्हां उपयोगांत यावा, हें सुशिक्षित घरांत आतां पटवून द्यावें लागत नाहीं. ओला व सुका कचरा घरोघर वेगळा ठेवण्याचा नियम २०१६ सालींच झाला. मग ज्ञान असून आचरण कां नसावें ?

आमच्या मतें कारणें तीन. पहिलें मोल. दुधाची पिशवी भंगारवाला घेतो. बिस्किटाच्या चकचकीत वेष्टनास विचारीत नाहीं, कारण त्यांतील प्लॅस्टिक व धातूचे पापुद्रे सुटे करणें परवडत नाहीं. दुसरें विश्वास. घरीं वेगळें केलेलें गाडींत एकत्र झालें, कीं मन विटतें. उलट, शेजारच्या वेंगुर्ल्यास नगरपरिषदेनें निवडलेल्या प्लॅस्टिकचा भुगा डांबरी रस्त्यांत घातला. आपले श्रम कोठें गेले, हें तेथें डोळ्यांस दिसतें.

तिसरें कारण स्वच्छता, आणि तें सर्वस्वी आपल्या हातचें आहे. खरकटी, ओली पिशवी इतर सुका मालही नासविते. त्यांत रत्नागिरीचा पाऊस! म्हणून पिशवी विसळून पडवींतील दोरीवर वाळवावी. कापतांना कोपऱ्याचा तुकडा तोडूं नये, तो हमखास हरवतो.

परंतु हें करावें कोणीं ? एकत्र कुटुंबांत व्याख्यान पुरुषांनीं द्यावें आणि पिशव्या सुनांनीं धुवाव्या, ही वहिवाट चालूं आहे तोंवर नियम माजघरापर्यंत पोहोंचणार नाहीं. जो पिशवी फोडील त्यानेंच ती विसळावी, मग तो घरचा कर्ता कां असेना. वाचकहो, महिनाभर एवढें करून पाहावें.