केळ्यावरचे चिलट आणि आपली प्रयोगशाळा

आनुवंशिकतेचा धडा आपल्या मुलांना तोंडपाठ असतो. परंतु त्यातील एखादी गोष्ट प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेली मुले किती, हा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही विचारू इच्छितो. साधने नाहीत, निधी नाही, हे उत्तर नेहमीचे आहे. पिकल्या केळ्याभोवती घोटाळणारे चिलट ते उत्तर खोडून काढते.

या चिलटाचे शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. आंब्या-पेरूची नासाडी करणारी फळमाशी निराळी. हे चिलट फळ आंबू लागले की येते. त्याच्या अळ्या आंबलेल्या फळातील यीस्टवर पोसतात, माश्या तेच यीस्ट दुसऱ्या फळापर्यंत नेतात आणि स्वतः कोळ्यांचे अन्न होतात.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी ही चिलटे दुधाच्या बाटल्यांत, केळ्यांवर वाढवली. १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. त्याच्या नातवंडांच्या पिढीत पांढरे डोळे केवळ नरांतच उमटले. जनुके गुणसूत्रांवर वसतात, या सिद्धान्ताला येथून बळ मिळाले. १९३३ साली मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक लाभले. त्यांच्याच खोलीत काम करणाऱ्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या पदवीच्या विद्यार्थ्याने १९११ साली, गृहपाठ बाजूला ठेवून, एका रात्रीत जनुकांचा पहिला नकाशा आखला. शरीरातील दिवस-रात्रीच्या घड्याळाचा उलगडाही याच जीवाच्या अभ्यासातून झाला. त्या संशोधनास २०१७ साली नोबेल मिळाले.

परीक्षेत याला गुण किती, असे पालक विचारतील. गुण नसतील, पण पाहणे, मोजणे आणि पाहिले तेवढेच लिहिणे ही शिस्त पाठांतराने येत नाही. ती ज्या मुलाला लागली, त्याला पुढे कोणी काहीही सांगितले तरी ते पडताळून घेण्याची सवय राहते.

यासाठी लागते ते एवढेच : काचेची बरणी, अर्धे केळे, तोंडाला बांधायला पातळ कापड आणि एक भिंग. उबदार हवेत दहा-बारा दिवसांत अंड्याची अळी, अळीचा कोष आणि कोषातून माशी, हा सारा प्रवास मुले पाहू शकतील, रोज वहीत नोंदवतील आणि अखेरीस माश्या मोकळ्या सोडून देतील.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : शाळेला भेट द्यायची असेल, तर भिंगे द्या, आणि जमल्यास ती वापरताना मुलांजवळ बसायला तासभर वेळही द्या.