ळ ला शिफ्ट कशाला?

मंडळी, कस्टम कीबोर्ड बनवणाऱ्या आपल्या पोरांचा एक वाद काही केल्या संपत नाही. एटीमेगा३२यू४ चांगला की आरपी२०४०? पहिला ८ बिटचा, १६ मेगाहर्ट्झचा, ३२ केबी फ्लॅशचा म्हातारा. दुसरा २०२१ साली आलेला, दोन कोअरचा, १३३ मेगाहर्ट्झचा पैलवान. मग काय, म्हाताऱ्याला रद्दीत घालायची घाई!

पण कशासाठी? कीबोर्डातल्या मायक्रोकंट्रोलरचं काम ते काय? ओळी आणि रकाने तपासायचे, कुठलं बटण दाबलंय ते यूएसबीवरून कळवायचं. दोन्ही चिपांचं यूएसबी फुल-स्पीडच. संगणक त्यांना सेकंदाला फार तर १००० वेळा विचारणार. ५ ओळी आणि १२ रकाने, म्हणजे ६० बटणांना १७ पिना लागतात. प्रो मायक्रो बोर्डावर १८ मिळतात. रंगीत दिवे, डिस्प्ले असली चैन हवी तर मोठी मेमरी घ्या. स्वस्त मिळाला म्हणूनही घ्या. वेगाच्या नावाखाली मात्र नको.

आणि एवढे पैसे ओतून, रात्र रात्र सोल्डरिंग करून त्यात भरता काय? तोच क्वर्टी! मराठीचं विचारलं की उत्तर तयार : "ते फोनवर करतो की."

आता हे बघा. कीबोर्ड 'क' पाठवतच नाही. तो फक्त बटणाचा क्रमांक पाठवतो, अक्षर संगणकातला लेआउट ठरवतो. १९९१च्या भारतीय मानकातल्या इनस्क्रिप्टमध्ये 'एन'च्या बटणावर ल आहे आणि ळ त्याच्या शिफ्टवर. हिंदीवाल्यांचं भागतं. पण मी मलकापूरचा (बुलढाण्याचं नव्हे हो, शाहूवाडी तालुक्यातलं). आमच्या एका अंगाला पन्हाळा, दुसऱ्या अंगाला विशाळगड. आम्ही ळ साठी शिफ्ट का दाबायची?

क्यूएमके फर्मवेअरमध्ये अंगठ्याखालच्या बटणावर 'शिफ्ट+एन' बसवा, झाला ळ. शिफ्ट+जे, डी आणि तिरकी रेघ यांचा एक मॅक्रो करा, की एका दाबात 'ऱ्य'. पायऱ्या, दऱ्या, सगळं सरळ. संगणकावर इनस्क्रिप्ट चालू हवं, एवढीच अट. आणि हे सगळं त्या १६ मेगाहर्ट्झच्या म्हाताऱ्याला आरामात जमतं.

मानक बदलायला समिती बसावी लागते. तुमच्या स्वतःच्या कीबोर्डाला एक रविवार पुरतो. तेव्हा पुढचा बोर्ड मागवण्याआधी, घरात पडलाय त्यावर ळ बसवा. मग सांगा, चिप कुठे कमी पडली ते.