माग कोणाचा, आकार कोणाचा?

कापड न कापता कपडा तयार करण्याची 'नवी' पद्धत निघाली, म्हणून फॅशनच्या जगात मोठे कौतुक चालू आहे. गळा, बगल, बाही यांचा आकार हातमागावरच विणून काढायचा आणि मागावरून उतरल्यावर फक्त जोड शिवायचे. कात्रीने कापताना साधारण पंधरा टक्के कापड वाया जाते असे म्हणतात; ते बरेचसे वाचते. हे चांगलेच आहे. आमची तक्रार आहे ती 'नवी' या शब्दाबद्दल.

रोमन काळातील इजिप्तमध्ये अख्खा अंगरखा बाह्यांसकट मागावर विणत आणि डोक्यासाठी चीर विणतानाच ठेवत. एवढ्या लांब तरी कशाला जायचे? आपल्या आयाआज्यांचे लुगडे काय होते? काठ, पदर, अंग सगळे मागावर पूर्ण होऊनच खाली उतरत असे. विदर्भातील करवतकाठी पाहा. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालतात. काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवून परत फिरवायचा, तेव्हा करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. गळा काढायचा तर हीच युक्ती : बाणा मध्येच परत फिरवायचा आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र धोटे चालवायचे. ज्याला काठ जमतो त्याला गळा समजावून सांगावा लागत नाही.

न शिवलेल्या वस्त्राच्या गौरवात मात्र आपण वाहून जाऊ नये. कात्री-सुई न लागलेले ते शुद्ध, ही सोवळ्याची कल्पना आहे. भगवान बुद्धांच्या संघात चीवर तुकडे कापून, जोडून शिवले जाई. मगधातील शेतांच्या बांधांसारखी त्याची रचना आनंदाने केली. तेव्हा कापड वाचते म्हणून ही पद्धत घ्यावी, पावित्र्यासाठी नव्हे.

मागाशी आपला संबंध जुना आहे. विदर्भातील महार समाज जाडेभरडे कापड विणत असे, हे इंग्रजी अमदानीतील नोंदींतही सापडते. गिरण्या आल्या आणि मुंबईत त्याच समाजाला विणकाम खात्याचे दार बंद झाले. तेथे पगार जास्त होता. कारण काय, तर धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कोठे त्यांनी तो नाइलाजाने मागण्यांत घेतला.

आज विटाळ कोणी बोलून दाखवत नाही. आज करारनामा पुढे येतो. भंडारा जिल्ह्यातील एक विणकर बाई मध्यंतरी असा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. शहरातील एका व्यापाऱ्याने त्यांना कुडत्याचे चित्र दिले होते. चित्राप्रमाणे विणले की गळ्याशी ताणा सैल पडे. बाईंनी चार वेळा उसवून, फणीजवळ स्वतःच्या डोक्याने सुधारणा करून तो आकार बसवला. त्याची वेगळी मजुरी मिळाली, आणि तेथेच घात झाला. डिझाईन कायदा, २००० च्या कलम २ नुसार मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाईन केले, तर मालक तो दुसरा ठरतो. भौगोलिक निर्देशांकाचा येथे उपयोग नाही. तो प्रदेशाच्या नावाला संरक्षण देतो, एका बाईने काढलेल्या गळ्याला नाही.

२०१९-२० च्या हातमाग गणनेत ३५ लाखांवर विणकर व पूरक कामगार नोंदले गेले, त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया. २०२० मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झाले. त्याचा फार उपयोग होता असे नाही, पण बोलायला एक जागा होती. आता बाईंनी बोलायचे कोठे?

आपल्या वकील मंडळींनी निदान एवढे करावे. आकार विणकराच्या डोक्यातून निघाला असेल, तर करारावर सही होण्यापूर्वी मालकी कोणाची हे लिहून घ्यावे. आणि माल प्रदर्शनात मांडण्याआधी विणकराच्या किंवा सहकारी संस्थेच्या नावे अर्ज करावा, कारण आधीच लोकांसमोर आलेल्या डिझाईनला नोंदणी मिळत नाही. त्या बाईंच्या बाबतीत दोन्ही वेळा निघून गेल्या होत्या. "गळा तं मीच काढला जी, वकीलसाहेब," एवढेच त्या म्हणत राहिल्या. करारात त्यांचे नाव फक्त मजुरीच्या रकान्यात होते.